हिरू शिद हिच्या दोन कोंबड्यांबाबत

पोलीस ठाणे कर्जत, जिल्हा कुलाबा. शनिवार, तारीख १२ फेब्रुवारी १९४४. लिहिण्यास सुरुवात सकाळी अकरा वाजता.

नाव सहदेव नामा थोरवे. वय अदमासे छत्तीस. धंदा रेल्वेत गँगमन, शिवाय घरची थोडी भातजमीन. राहणार दहिवली, तालुका कर्जत.

मला कोणी धरून किंवा बोलावून आणलेले नाही. काल सायंकाळी मी आपल्या पायांनी ठाण्यात आलो व थोडी हकीकत तोंडी सांगितली. आज ती पुरती सांगतो आहे व हवालदार लिहून घेत आहेत. मला सही करता येते. मराठी वाचता येते. इंग्रजी येत नाही, परंतु रेल्वेचे नेहमीचे छापील कागद मी पाहून ओळखतो.

माझे घरी मी व माझी बायको बायजा अशी दोनच माणसे आहेत. गेल्या मार्गशीर्षात बायजा बाळंत झाली. मुलगी होती. नऊ दिवस होती. त्यानंतर बायजास ताप येत राहिला. ताप गेला तरी ती घराबाहेर पडत नसे. पाणी शेजारीण आणून देत असे. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात रक्त नाही, रोज दोन अंडी पोटात गेली पाहिजेत. मी बाजारात विचारले, परंतु लढाई सुरू झाल्यापासून अंडी येतात तशी बाहेर जातात. एखाद्या दिवशी मिळत, चार दिवस मिळत नसत.

तेव्हा बायजाच म्हणाली, "रोज अंडं हुडकत कुठं फिराल? परसात दोन कोंबड्या असू द्या. मी बघीन त्यांच्याकडं."

बाळंतपणानंतर तिने आपण होऊन काही मागितले ते हेच पहिले. म्हणून मी ते मनावर घेतले.

खुराडे मी स्वतः केले. त्यासाठी लागलेले लाकूड रेल्वेचे नाही. फणसाची एक फांदी मोडून पडली होती ती व किराणा दुकानातून आणलेली दोन रिकामी खोकी, एवढ्यात काम भागविले. पत्रा मिळत नाही म्हणून वर पेंढा घातला. मुंगसाच्या भीतीने चार खुंटांवर हातभर उंच घेतले. बायजा मागच्या दारापर्यंत आली व म्हणाली, तोंड उगवतीला ठेवा. तसे ठेवले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खुराडे पुरे झाले. त्यात घालण्यास कोंबडी मिळेना. खुराडे रिकामे असता बायजा ते रोज सकाळी झाडून घेत असे. ह्या गोष्टीचा कामाशी संबंध नाही, परंतु कोंबड्यांची एवढी घाई कशासाठी होती असे हवालदारांनी विचारले म्हणून सांगितले.

दहिवलीत दिवाळीच्या सुमारास कोंबड्यांवर मानमोडी आली. दहा-बारा दिवसांत घरोघरच्या कोंबड्या मान वाकडी करून मेल्या. ज्या वाचल्या त्या कोणी देईना. कर्जतच्या बाजारात पूर्वी टोपली घेऊन बसणारी एक बाई माझ्या ओळखीची आहे. तिला विचारले तर ती म्हणाली, "कोंबडीचं नाव काढू नको, बाबा. आता मी वांगी इकते." तिच्याकडून समजले की लष्कराच्या पुरवठ्याचा एक मक्तेदार गावोगाव माणसे पाठवून कोंबड्या उचलतो व गाडीने रवाना करतो.

माझी धाकटी बहीण जयवंता चौक गावाजवळ लोधिवली येथे दिली आहे. रविवार, तारीख ३० जानेवारी रोजी सुटी असल्याने मी चालत तिच्याकडे गेलो. तिच्याकडे तीन कोंबड्या होत्या. त्यापैकी दोन मक्तेदाराच्या माणसास कबूल केल्या होत्या व तिसरी अंड्यांवर बसली होती. जयवंता म्हणाली, "दादा, हिला उठवली तर आतली पिल्लं जातील. पर वैनीसाठी पायजे असंल तर ने." मी नेली नाही. तिने घरात होती तेवढी सात अंडी कोंड्यात घालून दिली.

लोधिवलीस रस्त्यावर एक मोटार लॉरी उभी होती व तीवर कोंबड्यांनी भरलेल्या बांबूच्या टोपल्या चढवीत होते. तेथे खाकी शर्ट घातलेला मक्तेदाराचा एक माणूस होता. त्याचे नाव पोपट रामा केवटे, हे मला तेव्हा समजले. तो कोठला राहणारा हे ठाऊक नाही. मी त्यास म्हणालो, दोन कोंबड्या मला द्या, दाम घ्या. तो म्हणाला, "सुटी कोंबडी इकायची मला मुभा नाय. कुठं असता तुमी?" मी नाव सांगितले व घाटाच्या लाइनवर असतो असे म्हणालो. तो म्हणाला, "मग गाठ पडंल कधीतरी." तेवढेच बोलणे झाले.

नंतर आमच्या गँगमधील एका ठाकर सोबत्याने सांगितले की ठाकुरवाडी स्टेशनच्या वर चढणीला त्यांची पाच झापांची, म्हणजे झोपड्यांची, एक वाडी आहे व तेथे हिरू शिद नावाच्या म्हातारीकडे अकरा कोंबड्या आहेत. गुरुवार, तारीख ३ रोजी काम सुटल्यावर मी तेथे गेलो. हिरूचे वय साठीच्या पुढे असावे. तिला मूलबाळ नाही. पुतण्या शुक्रा तिच्याजवळ असतो. तिच्या कोंबड्यांना रोग शिवला नव्हता. ती म्हणाली की, मानमोडी ऐकल्यापासून बाहेरचे पीससुद्धा तिने वाडीत येऊ दिले नाही.

मी दोन कोंबड्या मागितल्या. तिने लगेच हो म्हटले नाही. खुराडे कशाचे केले, किती उंच, तोंड कोणीकडे, अशी विचारपूस केली. मग विचारले, "बघनार कोन?"

मी म्हणालो, "माझी बायको."

"मग ती कुठं हाय?"

मी घरची हकीकत सांगितली. ती ऐकून हिरूने मूठभर दाणे कोंबड्यांपुढे टाकले. नंतर म्हणाली, "दोन देते. पर तुज्या हातात नाय देनार. तिला आन. पुनव झाली की दुसऱ्या दिशी ये. तिच्या हातानं दाना खाऊ दे त्यास्नी, मंग न्या."

मी घरी येऊन बायजास तसे सांगितले. ती येणार नाही असे मला वाटले होते. तिने पातळ धुऊन वाळत घातले. गुरुवार, तारीख १० रोजी जाण्याचे ठरले.

मंगळवार, तारीख ८ रोजी आमची गँग ठाकुरवाडीच्या खालच्या अंगास काम करीत होती. दुपारी बाराच्या जेवणाच्या सुटीत मी वाडीवर गेलो, परवा आम्ही दोघे येतो असा निरोप हिरूस द्यावा म्हणून. वाडीत पोहोचलो तेव्हा पोपट केवटे तेथे होता. त्याच्याबरोबर दोन हमाल होते. त्यांची नावे मला माहीत नाहीत. हिरूच्या कोंबड्या धरून टोपल्यांत घालण्याचे काम चालले होते. हिरू झापाच्या दारात उभी होती. वाडीतील बाकी माणसे रानात लाकडास गेली होती.

पोपट म्हणत होता, "म्हातारे, सरकारचा हुकूम हाय. जेवढ्या हायेत तेवढ्या द्यायच्या. नाय दिल्यास तर घरातलं मानूस उचलून नेतील."

हिरू म्हणाली, "पैसं?"

पोपट म्हणाला, "पैसं मागनं सरकारातनं येतील." आणि खिशातून एक छापील कागद काढून तिच्यापुढे धरला.

हिरू म्हणाली, "काय लिवलंय ते वाच."

"इंग्रजीत हाय. तुला काय कळनार?" असे म्हणून पोपटने आजूबाजूस पाहिले व त्यास मी दिसलो. त्याने मला ओळखले. तो हिरूस म्हणाला, "हे बघ, रेल्वेचं मानूस आलं. सरकारी नोकर हाय. यास्नी इचार." आणि कागद आणून माझ्या हातात दिला.

तो कागद रेल्वेने माल पाठविल्याची पावती होती. अशा पावत्या मी मालधक्क्यावर शेकडो वेळा पाहिल्या आहेत. त्यात नगांचा रकाना असतो, वजनाचा रकाना असतो, खाली स्टेशनचा शिक्का असतो. तो हुकूम नव्हता हे मला कागद हातात येताच समजले.

हिरूने मला विचारले, "काय रं बाबा, खरं हाय का?"

मी म्हणालो, "मला इंग्रजी येत नाय."

मी तसे का म्हणालो, असे हवालदारांनी विचारले. पोपटने मला काही सांगितले नव्हते, धमकीही दिली नव्हती. कागद देताना त्याने फक्त टोपलीकडे पाहिले व माझ्याकडे पाहिले. मला कोंबड्या पाहिजेत हे त्यास लोधिवलीपासून ठाऊक होते. हिरूच्या दोन कोंबड्या मला दोन दिवसांनी मिळणारच होत्या. परंतु त्या वेळी त्या टोपलीत गेलेल्या होत्या, आणि मला वाटले की आता बोललो तर त्याही जातील. ह्यापेक्षा दुसरे कारण मला सांगता येत नाही.

हिरूने मग अडविले नाही. ती दारातून बाजूस झाली.

टोपल्या उचलल्या इतक्यात शुक्रा लाकडाचा भारा घेऊन आला. त्याने भारा टाकला व एका टोपलीची दोरी धरली. तो म्हणाला, "आयेला इचारल्याबिगर नेऊ नका." पोपटने दोरी ओढली. वाडीतून उतरण्याची वाट धोंड्यांची आहे. पोपट मागे पाऊल टाकण्यास गेला, पाय घसरला व तो उजव्या हातावर पडला. शुक्राने त्यास मारलेले नाही. ढकललेही नाही. त्याच्या हातात कोयता नव्हता, कोयता भाऱ्यात खोचलेला होता. पोपट पडल्यावर शुक्राने दोरी सोडून त्यास उठविण्यासाठी हात दिला, तो पोपटने घेतला नाही. हे मी वीस पावलांवरून स्वच्छ उजेडात पाहिले. शुक्राने कोयता उगारून कोंबड्यांची लूट केली व हात मोडला, अशी फिर्याद पोपटने दिल्याचे मला नंतर समजले. ती खरी नाही.

मी त्यांच्या मागोमाग खाली उतरलो. स्टेशनच्या अलीकडे पोपट थांबला. त्याचा हात सुजला होता. त्याने हमालास एक टोपली उघडण्यास सांगितले व मला म्हणाला, "घ्या, थोरवे. तुमाला पायजे व्हत्या ना?" एक तांबडी व एक ठिपक्यांची अशा दोन कोंबड्या हमालाने काढून दिल्या. पोपटने मागितला तो दाम मी दिला. आमच्या गँगच्या मुकादमाची या बाबतीत काही चूक नाही. कोंबड्या घेऊन कामावर परतलो तेव्हा त्या बाजारातून घेतल्या असे मी त्यास सांगितले होते. बाकीच्या नऊ कोंबड्या त्याच दुपारी गाडीने गेल्या.

सायंकाळी कोंबड्या घरी नेल्या. ठाकुरवाडीच्या स्टेशनाजवळ एका माणसाकडून मिळाल्या, असे बायजास सांगितले. ती परसात गेली व दिवेलागणीपर्यंत खुराड्यापुढे बसून होती. ठिपक्यांच्या कोंबडीच्या डाव्या पायाला एक नख नाही, हे तिने त्याच दिवशी मला दाखविले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः विहिरीवरून पाणी आणले.

बुधवारी सायंकाळी मी म्हणालो, आता गुरुवारी वर जाण्याचे कारण नाही. त्यावर बायजा म्हणाली, "असं कसं? ती म्हातारी आपली वाट बघत बसंल. नको म्हून सांगाया तरी जायला पायजे." मी तू थकशील वगैरे सांगून पाहिले. तिने ऐकले नाही.

गुरुवारी आम्ही सकाळच्या पॅसेंजरने ठाकुरवाडीस उतरलो. चढणीला बायजा तीनदा बसली. वाडीत हिरू एकटीच होती. शुक्रास पोलिसांनी नेल्यास दोन दिवस झाले होते. मी पुढे झालो नाही. बायजाने तिच्या पाया पडून कोण काय ते सांगितले.

हिरू तिला म्हणाली, "आलीस व्हय. तुज्यासाठी दोन येगळ्या काढून ठेवल्या व्हत्या गं. तांबडी अन् ठिपक्यांची. ठिपक्यांचीला एक नख नाय, पर अंडं मोटं घालते. गेल्या समद्या." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्या बाबाला ठावं हाय. हा हुबा व्हता हितंच."

बायजाने माझ्याकडे पाहिले नाही. ती खाली बसली. जरा वेळाने म्हणाली, "आये, त्या माझ्या खुराड्यात हायेत."

मला वाटले हिरू शिव्या देईल. तिने विचारले, "खातात का?"

बायजा म्हणाली, "ठिपक्यांची खाते. तांबडी नाय."

हिरू म्हणाली, "तिला नाचनी भिजवून घाल."

आम्ही परत खाली उतरलो. ठाकुरवाडीस गाडीला दीड तास होता. बाकावर बसल्यावर बायजाने विचारले, "त्यो कागद कसला व्हता ते तुमाला कळलं व्हतं का?"

मी व्हय म्हणालो.

"मग जाऊन सांगा."

मी म्हणालो, चोरीचा माल घेतला म्हणून मलाच धरतील, नोकरीही जाईल.

ती म्हणाली, "जाऊ द्या. तिचा मानूस आत हाय."

त्यापुढे तिने तो विषय काढला नाही व मीही नाही. शुक्रवारी मी कामावर गेलो. सायंकाळी घरी आलो तेव्हा बायजाने दोन्ही कोंबड्या पाटीत घालून वर फडके बांधून ठेवले होते व ती पातळ नेसून तयार होती. पाटी मी मागितली, तिने दिली नाही. दहिवलीपासून ठाण्यापर्यंत ती तिनेच डोक्यावर आणली.

काल मी तोंडी सांगितल्यावरून फौजदारसाहेबांनी आज सकाळी पोपट केवटे यास बोलावून त्याच्याजवळचा कागद पाहिला. मालधक्क्यावरील कारकुनास आणवून तो दाखविला. कारकुनानेही ती मालाची पावती असल्याचे सांगितले. कोंबड्या सक्तीने घेण्याचा हुकूम आपल्याजवळ नाही व मक्तेदाराने रोख दाम देण्यास सांगितले होते, हे पोपटने माझ्यासमोर कबूल केले. हात कसा मोडला असे विचारता तो "घसरलो" म्हणाला.

हिरू शिद हिला वाडीवरून आणविले होते. पंचांसमोर पाटीवरील फडके सोडले तेव्हा तिने कोंबड्यांना जवळ घेतले नाही. दुरूनच हाक घातली. दोन्ही कोंबड्या पाटीतून उतरून तिच्याकडे गेल्या. पंचांनी तसे लिहून घेतले आहे.

शुक्रा यास मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या हुकमाने साडेदहाच्या सुमारास जामिनावर सोडले. तो ओट्यावर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला व तंबाखू आहे का म्हणून विचारले. मी पिशवी दिली. त्याने चिमूटभर घेऊन पिशवी परत केली व दूर जाऊन बसला.

कोंबड्या ठाण्यात ठेवता येत नाहीत, म्हणून खटल्याचा निकाल होईपर्यंत त्या हिरूच्या ताब्यात दिल्या आहेत. तिने सुपुर्दनाम्यावर अंगठा केला. मी दिलेला दाम परत मागत नाही. चोरीचा माल घेतल्याबद्दल माझ्यावर काय करावयाचे ते साहेब ठरवितील, असे मला समजावून सांगितले आहे. माझी हरकत नाही.

हिरू निघाली तेव्हा बायजाने तिला विचारले, "आये, मी कधी मधी त्यास्नी बघाया येऊ का?"

हिरू म्हणाली, "ये की. अंडीबी ने, तुज्यासाठीच देनार व्हते. पर तू एकली ये."

बायजाने बरे म्हटले. पाटी परत तिनेच उचलली व ती हिरू आणि शुक्रा यांच्याबरोबर स्टेशनकडे गेली. सायंकाळच्या गाडीने परत येईन असे तिने हवालदारांस सांगितले. मला काही सांगितले नाही.

येथवरचा मजकूर हवालदारांनी सावकाश मोठ्याने वाचला व मी उभा राहून ऐकला. तो मी बोललो तसाच उतरला आहे. कोठे काही बदलावयाचे आहे काय, असे दोनदा विचारले. नाही. खाली सही करतो.

सहदेव नामा थोरवे
दस्तुर खुद्द

जबाब समक्ष घेतला. वेळ दुपारी दोन.